हरजीतच्या फळीवरचे रेडिओ

आमच्या घरात देवघर होतं, पण घराचं लक्ष असायचं ते रेडिओकडे. सेलवर चालणारा तो स्वयंपाकघरात, पिठाच्या मोठ्या डब्यावर बसलेला असे, अंगावर आईनेच विणलेलं क्रोशाचं झाकण. बाबा सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत भिंगं आणि मोजमापाची उपकरणं बनवत. केसाची जाडी ते अचूक सांगू शकत, पण आमटीत मीठ आहे की नाही हे त्यांना माझ्या चेहऱ्याकडे पाहून कळे. आई इस्लामपूरकडची. तिला पंजाबच्या राजधानीचं हे आखीव शहर कधीच पटलं नाही. सगळे रस्ते सरळ, सगळी घरं नंबराची, झाडंसुद्धा ओळीत उभी. "ह्या गावाला बोळच न्हाई, तर माणसांनी भांडायचं कुठं?" असं ती आल्या आल्या म्हणाली होती, आणि मग बरीच वर्षं ती भांडायला जागा शोधत होती. त्या एका उन्हाळ्यानंतर तिला ती मिळाली.

दुपारी दिल्लीहून मराठी बातम्या लागत. लागत म्हणजे लहर असेल तर. आवाज यायचा, दूर जायचा, मध्येच कुणी पंजाबी बाई गाणं म्हणून जायची. एरियलची तार खिडकीच्या गजाला गुंडाळलेली होती आणि आई कणकेचा हात तसाच त्या तारेला लावून उभी राहायची, कारण तिने धरलं की आवाज नीट येतो अशी तिची खात्री होती. बाबांनी यामागचं शास्त्र एकदा समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग तुमी धरा." बातम्या देणाऱ्याची भाषा तिला हसू आणायची. ह्या माणसानं जन्मात भाकरी मोडून खाल्लेली नाही, असं तिचं मत होतं. पण तो बोलायला लागला की घरात कुणी बोलायचं नाही. आम्ही पोरं एव्हाना "आ रही हूँ यार" अशी उत्तरं द्यायला लागलो होतो. अख्ख्या दिवसात तिच्याशी सलग मराठी बोलणारा तो एकटाच होता.

हा रेडिओ दर चार-दोन महिन्यांनी घसा धरायचा, आणि मग तो शेजारी हरजीतकडे जायचा. हरजीत आणि त्याची आई, बीजी, आमच्या मागच्या भिंतीपलीकडे राहत. त्याचे वडील मी पाहिले नाहीत. बीजींच्या आणि आईच्या भाषेत समान असे शब्द फार थोडे होते आणि ते सगळे खाण्याचे होते. भिंतीवरून वाट्या जात-येत. बीजींकडून गाजर-शलगमचं गोड लोणचं, थंडीत मक्याची रोटी. आमच्याकडून शेंगदाण्याची चटणी, आणि ठेचा, जो खाऊन हरजीत पहिल्यांदा अंगणभर फिरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायला आला. तो आईला "मावशीजी" म्हणे. वय विशीच्या आसपास, उंच, किडकिडीत, डोक्यावर पगडी, बोटं मात्र घड्याळजीची. घराच्या गॅरेजात त्याने दुकान थाटलं होतं. एक टेबल, एक स्टूल, कल्हईच्या वासासारखा डागकामाचा वास, आणि मागे भिंतभर लाकडी फळी, जिच्यावर सेक्टरातले आजारी रेडिओ कानाला चिठ्ठ्या बांधून बसलेले असत.

आणि मग त्या उन्हाळ्यात दिल्लीत शीख अतिरेक्यांनी ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेले बॉम्ब फुटले. लोकांनी रस्त्यात पडलेला रेडिओ उचलला, बटण फिरवलं आणि मेले. बसमध्ये, बागेत, घरी नेऊन. त्यानंतर चौकाचौकांत फलक लागले की बेवारस वस्तूला, डब्याला, ट्रान्झिस्टरला हात लावू नका. भीती खोटी नव्हती, हे आधीच सांगते, कारण आज सुरक्षित बसून त्या वेळच्या लोकांना भित्रे म्हणणं फार सोपं आहे. बाबांच्या एका सहकाऱ्याच्या कारकून भावाला त्यांनी बसमधून उतरवून, नाव विचारून मारलं होतं. त्या घरी आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको आम्हाला चहा घ्याच म्हणून आग्रह करत होती आणि साखर घालायला विसरली होती. आम्ही तो तसाच प्यायलो.

पण भीती एकदा आली की तिला बसायला जागा लागते, आणि आमच्या सेक्टरात ती हरजीतच्या गॅरेजात बसली. कुणी काही बोललं नाही. फक्त रेडिओ येणं थांबलं. त्याहून वाईट म्हणजे, आलेले रेडिओ न्यायलाही कुणी येईना. बरे झालेले, पुसून ठेवलेले रेडिओ फळीवर तसेच. ज्यांच्या घरी तो लहानपणी जेवलेला होता त्यांचेही. पंजाबीत काका म्हणजे पोरगा; रस्त्यात भेटले तर म्हणत, "ओ काका, ले जाऊँगा, कोई जल्दी नहीं." हरजीत रोज फडक्याने त्यांच्यावरची धूळ झटकायचा. मी कॉलेजला जाताना पाहायची. त्याने कधी तक्रार केली नाही, आणि तेच मला नको वाटायचं.

पुढे एकदा तो पिंजौरला एका कारखान्याच्या मॅनेजरचा रेडिओ पोचवायला बसने गेला. वाटेत नाक्यावर पोलिसांनी उतरवलं. पिशवीतली हत्यारं रस्त्यावर ओतली, रेडिओ उघडायला लावला, आणि पगडीही सोडायला लावली. तपासून झाल्यावर त्याने ती थांबलेल्या बसेसच्या सगळ्या खिडक्यांसमोर, रस्त्याच्या कडेला बसून पुन्हा बांधली. हे त्याने सांगितलं नाही. त्याच बसमध्ये आमची मोलकरीण होती, तिने सांगितलं. आईने ते ऐकलं आणि त्या दिवशी तिची भाकरी तव्यावर करपली, जे मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

त्यानंतर गॅरेजात जवळच्याच मनीमाजऱ्याचा एक माणूस येऊन बसायला लागला. हरजीत त्याला वीरजी म्हणे, म्हणजे थोरला भाऊ. तिशीचा, पांढरे स्वच्छ कपडे, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. रागावलेला, डोळे लाल झालेला माणूस असता तर हरजीतनेच त्याला हाकललं असतं. हा फक्त ऐकून घ्यायचा. नाक्याची गोष्ट त्याने हरजीतला पुन्हा पुन्हा सांगायला लावली, आणि प्रत्येक वेळी अशी मान हलवली की जणू पहिल्यांदाच ऐकतोय. मग म्हणायचा, "इन हाथों की क़दर यहाँ किसको है, काका? क़दर करने वाले हैं, मैं मिलवाऊँगा." टेपरेकॉर्डरवर भाषणांच्या कॅसेट लागत. आमच्या मोरीची खिडकी त्याच बाजूला होती, म्हणून कपडे धुताना मला सगळं ऐकू येई. भाषणांत विशेष काही नव्हतं. सगळ्या भाषणांत असतं तेच होतं: आपण महान, आपल्यावर अन्याय, आणि आता दुसरं कुणीतरी मरायला हवं.

माझा भाचा अलीकडे, तरुण मुलं अतिरेकी कशी होतात, या विषयावरच्या एका परिसंवादाला जाऊन आला. पडद्यावर जिना दाखवला होता म्हणे. तरुण मुलगा पायरी पायरीने कसा चढतो आणि शेवटच्या पायरीवर बंदूक. चित्र सुबक होतं, जिन्याला कठडासुद्धा होता. मी त्याला विचारलं, "तो खाली उभा असताना घराघरांची दारं कुणी लावून घेतली, ते चित्रात कुठं आहे?" भाचा म्हणाला, "मावशी, ते कॉन्टेक्स्टमध्ये येतं." येत असेल. मी एकच मुलगा जवळून पाहिला, त्यामुळे माझ्याकडे सिद्धांत नाही. एवढंच सांगते की नाक्यावर पगडी सोडायला लावली म्हणून बसमधल्या कारकुनाला गोळी घालता येत नाही. आणि कारकुनाला गोळी घातली म्हणून कुणाही पोराची पगडी सोडता येत नाही. ही दोन वाक्यं एकाच तोंडाने म्हणणारी आमच्या सेक्टरात एकटी आई होती, आणि तिची हिंदी भयंकर होती.

तो रविवार. सकाळी बीजी भिंतीवरून वाटी न देता थेट दारातून आत आल्या आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या. ओढणीचा बोळा तोंडात. हरजीतने बॅग भरली होती. वीरजी संध्याकाळच्या आत त्याला घेऊन जाणार होता. कुठे, ते सांगत नव्हता. काम आहे, रेडिओचंच काम आहे, एवढंच. "रेडिओ दा कम्म," बीजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "रेडिओ दा कम्म, भैणजी." त्या काळात या शब्दांचा अर्थ सांगायला कुणी लागत नव्हतं. बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, पोलिसांना कळवावं का? बीजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आत जाऊन पायात चपला घालून परत आले, कुठेच न जाता.

आईने गॅस बंद केला. डब्यावरचा रेडिओ त्या आठवड्यात मुका झालेला होताच. तिने तो झाकणासकट काखेत मारला आणि मला म्हणाली, "शाले, चल माझ्यासंगं. तू हिंदी नीट कर, मी फकस्त बोलते."

गॅरेजात वीरजी स्टुलावर बसला होता. बॅग टेबलाखाली. हरजीतने आईकडे पाहिलं नाही.

"हरजीत," आई म्हणाली, "जाने का है तो जा. मैं कौन रोकनेवाली? पण मेरा रेडिओ करके जा. दोपहर को बातम्या है."

"मावशीजी, आज नहीं."

"तो मग कब? तू आनेवाला है क्या वापस?"

आईने रेडिओ टेबलावर ठेवला. हरजीतने आधी त्यावर नुसता हात ठेवला, मग कान लावला, मग स्क्रू काढायला लागला. आईने त्याला उपदेश केला नाही, शपथ घातली नाही. मुका झालेला रेडिओ समोर ठेवला तर हा मुलगा तो तसा सोडून उठू शकणार नाही, एवढं तिला ठाऊक होतं. वीरजी स्टुलावरून पुढे वाकला. मग मऊ आवाजात म्हणाला, "क्यों मेहनत करता है, काका? तेरा बनाया हुआ अब यहाँ कोई हाथ नहीं लगाता."

"मैं लगाती हूँ ना," आई म्हणाली.

"घर के अंदर, बहनजी. चुपके से." तो हसला. "अपने लोगों के सामने लगाइए कभी. आज तो सारे इकट्ठे हैं पार्क में."

हे खरं होतं. त्याच दुपारी पार्कात वेल्फेअर असोसिएशनची सद्भावना सभा होती. असोसिएशनचे अध्यक्ष, ज्यांना सगळे प्रधानजी म्हणत, हे निवृत्त मोठे अधिकारी होते, आणि निवृत्ती ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नव्हती. शामियाना, हिरव्या कापडाचं टेबल, झेंडूचे हार, प्रमुख पाहुणे म्हणून कुणी साहेब. पांढरी कबुतरं सोडायचीही योजना होती, पण कबुतरवाल्याला नाक्यावर अडवून ठेवलं होतं. सभेत पहिला ठराव बंधुभावाचा होता आणि दुसरा, हरजीतच्या दुकानातली कोणतीही वस्तू रहिवाशांनी आणू नये असा. दोन्ही एकमताने होणार होते. बाबा पहिल्या रांगेत होते, कारण ते कुठेही वेळेवर पोचत आणि मग पुढची खुर्ची रिकामी असे.

रेडिओ बरा झाला तेव्हा आई हरजीतला म्हणाली, "उचल. तूच घेऊन चल."

"मावशीजी, रहने दो."

"का? बिघडा हुआ है क्या?"

तो ताठ झाला. "मेरा बनाया हुआ?"

"तो मग चल ना रे!"

आम्ही पार्कात शिरलो तेव्हा प्रधानजी, आपण सगळे एकाच बागेतली फुलं आहोत, अशा वाक्याच्या मध्यावर होते. हरजीतच्या हातात रेडिओ पाहून ते वाक्य तिथेच राहिलं. आई सरळ टेबलाशी गेली, हार बाजूला सारले, बिस्किटांची बशी बाजूला सारली, आणि हरजीतला खूण केली. त्याने रेडिओ हिरव्या कापडावर ठेवला.

"बहनजी, ये क्या है?" प्रधानजी म्हणाले.

"रेडिओ," आई म्हणाली. "चालू करके दिखाती हूँ."

सद्भावना सभा कशी पांगते ते मी पाहिलं आहे. कुणी ओरडलं नाही. माणसं सभ्य होती. कुणाला एकदम घरचा गॅस आठवला, कुणी पोराला हाक मारायला लांब गेलं. प्रमुख पाहुण्यांच्या अंगरक्षकाने त्यांना गाडीकडे नेलं, आणि प्रधानजी त्यांना सोडायला म्हणून त्यांच्याही पुढे गेले. खुर्च्या पडल्याच, पण हळू पडल्या. शामियान्याच्या बाहेर, कुंपणाच्या मेंदीमागे, सगळा सेक्टर अर्धवर्तुळात उभा राहिला. आत उरलो आम्ही, स्वेटर विणणाऱ्या एक बहिऱ्या आजी, आणि पहिल्या रांगेत बाबा. ते उठले नव्हते.

वीरजी रस्त्याकडच्या फाटकाशी होता. त्याला हवं होतं तेच झालं होतं. त्याने हरजीतकडे पाहून हात पसरले, जणू म्हणत होता, पाहिलंस? आणि मला वाटलं, संपलं. आईने स्वतःच्या हाताने त्याला दाखवून दिलं की त्या माणसाचं खरं आहे.

आईला तसं वाटलं की नाही, मला माहीत नाही. ती वळली आणि फाटकाकडे पाहून मोठ्याने म्हणाली, "ओ भाईसाब! इधर आओ ना. तुमको तो भरोसा है इसके हाथ पे. यहाँ खड़े रहो, बाजू में."

तो हसला. जागचा हलला नाही.

"आओ, आओ. लाज कसली?"

"यहीं ठीक हूँ, बहनजी."

हरजीतने मान वळवली. "वीरजी," तो म्हणाला, "आ जाओ."

सगळ्या मेंदीमागून लोक पाहत होते. त्या माणसाने तोंडाने "हाँ हाँ, तू लगा" असं केलं, आणि एक पाऊल मागे घेतलं. फार नाही. एक. फाटकाच्या विटांच्या खांबामागे जाता येईल एवढंच. मुद्दाम केलं नसेल, अंगानेच केलं असेल. त्या माणसाचे कुठे कुठे काय उद्योग होते ते मला माहीत नाही, पण आपल्या माणसांनी कुठल्या रेडिओत काय ठेवलं असेल याची त्यालाच खात्री नसावी. ज्या हातांची तो एवढी क़दर करत होता, त्यांनी बनवलेल्या वस्तूजवळ तोही उभा राहणार नव्हता.

हरजीत त्या खांबाकडे बघत राहिला. मी त्याचा चेहरा पाहत होते. त्यावर राग आला नाही. काहीतरी लाजिरवाणं नजरेस पडल्यावर माणूस गोरामोरा होतो, तसा तो झाला. आईचा हात बटणाकडे गेला होता. त्याने तो हलकेच बाजूला केला.

"मैं लगाता हूँ, मावशीजी."

आधी खरखर आली. मेंदीमागे एकजात डोकी खाली गेली. मग तो पुणेरी आवाज, ठणठणीत, लहर स्वच्छ: नाशिकच्या बाजारात कांद्याची आवक वाढली होती, मराठवाड्यात पाऊस लांबला होता, आणि कुठल्याशा मंत्र्यांनी कुठल्याशा पुलाची पाहणी केली होती. संपूर्ण सेक्टर एका अक्षराचाही अर्थ न कळता श्वास रोखून ऐकत होता. त्या मंत्र्यांना एवढे एकाग्र श्रोते जन्मात मिळाले नसतील. बाबांनी टाळी वाजवली. एकच, आणि मग घाबरून हात मांडीखाली घेतले. आई रेडिओला कान लावून शांतपणे शेवटपर्यंत उभी राहिली, कारण तिला कांद्याचा भाव खरंच ऐकायचा होता.

बातम्या संपल्या तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं.

लोक मला विचारतात, तुमच्या आईला भीती वाटली नाही का. वाटली. घरी येऊन ती मोरीत जाऊन ओकली, आणि मग कणीक मळायला बसली. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. तिला हे सहन झालं नव्हतं की एक पोरगं दोन्हीकडच्या लोकांनी मिळून बॉम्ब ठरवून टाकलं होतं: एकाने भिऊन, दुसऱ्याने कौतुक करून. मी याला उपाय म्हणत नाही. तो माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी गॅरेजात जाऊन बसलाच असेल, आणि तिथे कदाचित कुणाचा रेडिओ बिघडलेला नसेल. हरजीतही काही संत झाला नाही. नाक्यावरच्या त्या दिवसाबद्दल तो पुढे आयुष्यभर शिव्या देत राहिला, आणि त्या शिव्यांवर त्याचा पूर्ण हक्क होता. फक्त त्या संध्याकाळी त्याने बॅग रिकामी केली. बीजींनी त्यातले कपडे मळलेले नसतानाही धुवून वाळत घातले.

दुसरा ठराव मांडायला कुणी उरलं नव्हतं. त्या आठवड्यात लोक एकेक करून गॅरेजाशी यायला लागले, फार दिवस गावाला गेलेलो होतो असा चेहरा करून. हरजीतने कुणाला काही ऐकवलं नाही. त्याने एकच नियम केला. ज्याचा रेडिओ, त्याने तो तिथेच, टेबलापाशी उभं राहून, स्वतः लावायचा. त्याशिवाय न्यायचा नाही. मी मोरीच्या खिडकीतून हे पाहायची, आणि कपडे नसले तरी पाहायची. काही जण डोळे मिटून लावत. एका बाईंनी नवऱ्याला पुढे केलं, तर हरजीत म्हणाला, रेडिओ आपका है, आंटीजी.

सगळ्यांत शेवटी प्रधानजी आले. टाय लावून, हातात छत्री. ऊन असताना छत्री कशाला, ते कळायला वेळ लागला नाही. ते टेबलापासून हातभर मागे उभे राहिले, छत्रीचं टोक पुढे केलं आणि त्याने बटण ढकलायला लागले. टोक घसरत होतं. हरजीत स्टुलावर हाताची घडी घालून बसला होता. त्याने बराच वेळ त्यांना प्रयत्न करू दिला.

"उँगली से, प्रधानजी," तो म्हणाला. "उँगली से."